उमेदवारीचा काळ आणि दूरची शाळा

इंग्रजी अमदानीत मराठी मुलखातल्या मुलकी कचेऱ्यांमध्ये कारकुनाची जागा मिळवण्याची जी रीत रूढ होती, ती आजच्या तरुणास ऐकवली तर त्याला ती निखालस अन्यायाची वाटेल, आणि तशी ती होतीही. चार इयत्ता शिकलेला मुलगा एखाद्या वडीलधाऱ्याची शिफारस घेऊन कचेरीत दाखल होई, शिरस्तेदाराच्या नजरेच्या टप्प्यात बैठक मांडी, आणि पगाराचा छदामही न घेता महिनेच्या महिने अर्जांच्या नकला करी, बारनिशीत आवक-जावक टिपी, जमाखर्चाचे आकडे ताडून पाही; अशा विनावेतन राबणाऱ्या मंडळींस उमेदवार म्हणत, आणि एखादा कारकून बढतीवर गेला किंवा निवर्तला म्हणजे त्यांच्यापैकी ज्याचे अक्षर आणि सचोटी साहेबाच्या ध्यानात राहिली असेल त्याची वर्णी लागे. ज्याच्या घरी दोन वेळच्या अन्नाची तजवीज होती त्यालाच ही उमेदवारी परवडत असे, हा तिचा मोठा दोष. परंतु तिच्यात एक सोय अशी होती, की जी आपण गमावून बसलो आहोत. नोकरीची वाट पाहणे, काम शिकणे आणि ते काम आपल्याला येते हे नोकरी देणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणे, या तिन्ही गोष्टी तेव्हा एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर घडत असत.

आजच्या उमेदवाराच्या वाट्याला या तिहींची फारकत आली आहे. तो शिकतो आपल्या घराच्या माडीवर, मोबाईलच्या चार बोटे रुंद पडद्यावर. वाट पाहतो ती कुठल्याशा संकेतस्थळावर भरलेल्या अर्जाच्या उत्तराची. आणि ज्याने त्याला नोकरी द्यायची त्याची व याची गाठ मुलाखतीच्या दहा मिनिटांपलीकडे पडत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांनी विद्या घरापर्यंत आणून पोचवली, यात शंका नाही. पण शिरस्तेदाराची ती नजर काही त्यांना आणता आली नाही, आणि ज्याला बेकारीच्या काळात या अभ्यासक्रमांचा खराखुरा उपयोग करून घ्यायचा असेल त्याने ती नजर आपल्या कामावर कशी वळवून घ्यायची, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल आपण गोंदिया घेऊ. हावडा-नागपूर-मुंबई या लोहमार्गावरचे हे मोठे जंक्शन. भंडाऱ्यापासून वेगळे होऊन १ मे १९९९ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. धान हे या जिल्ह्याचे पीक आणि राईस मिल हा त्याचा कारखाना. त्याच्या जोडीला तेंदूपत्ता आणि बिडी, अलीकडे तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प, आणि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. शिक्षणाची उणीव येथे आहे असे म्हणवत नाही, कारण गोंदिया एज्युकेशन सोसायटी १९५८ साली स्थापन झाली तेव्हापासून या भागात महाविद्यालये उभी राहत गेली आणि दरसाल पदवीधर बाहेर पडत राहिले. उणीव आहे ती पदवी आणि पगार यांच्या मधल्या पुलाची. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या टोकाच्या तालुक्यांतून गोंदियाला येऊन बी.ए. किंवा बी.कॉम. झालेला मुलगा पूर्वी एक तर बाजारातल्या टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाव घाली, नाहीतर सकाळची गाडी धरून नागपूरला जाई आणि एखाद्या खोलीत तिघा-चौघांसह राहून कसला तरी क्लास करी. त्या राहण्या-खाण्याचा खर्च क्लासच्या फीपेक्षा जड जाई, आणि मुलीच्या बाबतीत तर घरची परवानगी ही तिसरी फी भरावी लागे. ऑनलाइन शिक्षणाने नेमकी ही गाडी, ही खोली आणि ही परवानगी यांची अडचण दूर केली, म्हणून या जिल्ह्याला त्याचे मोल पुण्या-मुंबईहून अधिक आहे.

दूर राहून शिकण्याची कल्पना मात्र मुळीच नवी नव्हे. विलायतेत पेनी पोस्ट सुरू झाल्यावर आयझॅक पिटमनने लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवले त्याला पावणेदोनशे वर्षांवर काळ लोटला. आणि आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी, शाळेचा उंबरठा एकदा ओलांडून बाहेर पडलेल्या माणसालाही पुन्हा आत घ्यायचे, हे धोरण राज्यात रुजवले. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हतेचा दाखला आवश्यक ठरल्यामुळे या परीक्षेला महाराष्ट्रात जे स्थान लाभले, ते एके काळी मराठी सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेला होते. तिकडे देशातील सात आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटेल उभे केले, त्यातील व्याख्याने कोणालाही फुकट खुली झाली, आणि ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठाचे उद्घाटन होऊन अशा अनेक संस्थांचे अभ्यासक्रम एका छपराखाली आले. त्याच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओ बाजारात आले होते आणि इंटरनेटचा दर कोसळला होता; ही दुसरी घटना घडली नसती तर पहिलीचा लाभ सडक अर्जुनीच्या मुलाला कितपत झाला असता, याचा मला संशयच आहे.

इतके सगळे फुकट आणि दाराशी असताना त्याचा फायदा घेणारे थोडे का, हा प्रश्न केवळ गोंदियाचा नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या दोघा अध्यापकांनी २०११ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्व जगाला खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे घातली, आणि शेवटपर्यंत टिकले ते २३ हजारांच्या आसपास. हा तर आरंभीच्या उत्साहाचा काळ. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची नोंदवही तपासून २०१९ साली दोन संशोधकांनी जो हिशेब मांडला त्यात असे दिसले, की नाव घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अभ्यासक्रमाचे दार उघडून आतसुद्धा डोकावत नाहीत, आणि २०१७-१८ या वर्षी सर्व सहभागींपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे शेकडा ३ हून किंचित अधिक भरले. परंतु त्याच हिशेबात दुसरा एक आकडा आहे, आणि माझ्या मते तोच आपल्या कामाचा आहे: ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्रासाठी रीतसर नोंद केली होती, त्यांच्यापैकी शेकडा ४६ लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला. पैसे भरणारे लोक मुळातच अधिक निश्चयी असणार, हे खरे. तरीही जेथे परत फिरण्याची वाट थोडी महाग असते तेथे माणूस पुढे चालत राहतो, इतके त्यावरून म्हणता येईल. एनपीटेलची शिकवणी फुकट असून परीक्षेला मात्र हजार रुपयांच्या घरात शुल्क पडते आणि ती परीक्षा नेमल्या दिवशी, नेमल्या केंद्रावर, ओळखपत्र दाखवून द्यावी लागते. घरच्या परिस्थितीला हे शुल्क झेपत असेल तर त्याला खर्च न समजता स्वतःवर बजावलेले समन्स समजावे.

आता निवडीचा प्रश्न. येथे बहुतेक उमेदवार उलट्या टोकाकडून चालू लागतात. ज्याचे नाव कानावर पडते, ज्याची जाहिरात डोळ्यांपुढून सारखी सरकते, तो अभ्यासक्रम ते आधी धरतात आणि मग त्याला नोकरी शोधतात. डेटा सायन्सचा अभ्यासक्रम पुरा करून त्या नावाची एकही जागा शंभर कोसांत नसल्याचे कळल्यावर मग पश्चात्ताप. त्यापेक्षा आपल्याला जेथवर जाऊन राहणे शक्य आहे तेथवरच्या नोकरीच्या दहा-पंधरा जाहिराती गोळा कराव्यात, वर्तमानपत्रातल्या, राज्य सरकारच्या महास्वयं संकेतस्थळावरच्या, केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवरच्या, आणि दुकानांच्या काचेवर चिकटवलेल्याही; त्यांत मागितलेली कामे एका कागदावर उतरवून जे काम सर्वांत अधिक वेळा मागितले असेल त्याच्यापुढे खूण करावी, आणि त्या खुणेचाच अभ्यासक्रम घ्यावा. असे करून पाहणाऱ्याला ज्या गोष्टी फिरून फिरून भेटतील त्या मोठ्या दिमाखाच्या नसतील: टॅली, जीएसटीची विवरणपत्रे, एक्सेलमधले कोष्टक, मराठी व इंग्रजी टंकलेखन, सी.ए.च्या कार्यालयातली दप्तर-दुरुस्ती, इस्पितळातल्या बिलाच्या खिडकीवरचे काम.

पैकी कोष्टकाचे काम आपण जरा जवळून पाहू, कारण ते जितके क्षुल्लक वाटते तितके नाही. समजा, गोंदिया जिल्ह्याच्या गोरेगाव तालुक्यातली बी.कॉम. झालेली एक मुलगी आहे आणि तिला राईस मिलच्या कचेरीत लिखापढीचे काम हवे आहे. आय.आय.टी. मुंबईत प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा राहिला. त्याचे धडे सुमारे दहा-दहा मिनिटांचे असतात, पडद्यावर प्रत्यक्ष आज्ञावली चालताना दिसते, आणि बोलणे मराठीत ऐकू येते. लिबरऑफिस कॅल्क ही एक्सेलच्याच जातीची आज्ञावली फुकट मिळते, तिचेही धडे त्यात आहेत. या धड्यांची खरी अट अशी, की पडद्याच्या एका अंगाला धडा लावायचा आणि दुसऱ्या अंगाला ती आज्ञावली उघडायची. निवेदकाने एक कृती केली की धडा थांबवून तीच कृती आपल्या हाताने करायची, आणि मगच पुढे जायचे. दहा मिनिटांच्या धड्याला या रीतीने पाऊण तास लागतो. तो पाऊण तास वाचवण्यासाठी पुष्कळ जण मोबाईलवर नुसते पाहत जातात, आणि अखेरीस जे शिकतात ते बघणे.

धड्यात उदाहरण असते ते बहुधा कुणाच्या तरी घरखर्चाचे. आपल्या मुलीने ते उदाहरण संपताच बाजूला सारून त्या जागी मिलचा हिशेब मांडावा. पूर्व विदर्भात धानाची हमीभावाने सरकारी खरेदी होते ती आधारभूत खरेदी केंद्रांवर, मार्केटिंग फेडरेशनच्या आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळाच्या मार्फत. ते धान मिलांकडे भरडाईसाठी जाते, आणि अरवा तांदळाच्या बाबतीत १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल तांदूळ मिलने सरकारजमा करावा असा दंडक आहे. उसना तांदूळ असेल तर ६८. आता दोन ट्रकांत मिळून ४० किलोच्या भरतीची १,०३१ पोती आली असे धरा. पोत्यांच्या रकान्यावरून वजनाचा रकाना आपोआप निघाला पाहिजे: ४१२.४० क्विंटल. त्यापुढच्या रकान्यात देय तांदूळ आला पाहिजे: २७६.३१ क्विंटल. हे सूत्र पहिल्या ओळीत बरोबर चालते. पण तेच खालच्या ओळींत ओढत नेले, की उत्तराच्या जागी एकाएकी शून्ये येऊ लागतात, कारण ६७ हा आकडा ज्या एका घरात लिहून ठेवला होता ते घर सोडून सूत्र दर ओळीला एक घर खाली सरकत जाते. त्या घराच्या नावात डॉलरचे चिन्ह घालून त्याला जागीच खिळवावे लागते, ही गोष्ट धड्यात सांगितलेली असते, ऐकणाऱ्याने ऐकलेलीही असते, परंतु ती कळते ती स्वतःच्या कोष्टकात शून्ये उमटल्यावरच. तीच कथा तारखांची. एका ट्रकची तारीख तारीख म्हणून आणि दुसऱ्याची साधा मजकूर म्हणून टंकली गेली, तर महिनावार क्रम लावताना नोव्हेंबरचा माल जानेवारीच्या खाली जाऊन बसतो, आणि जमा करायच्या तांदळाची मुदत टळल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.

महिनाभरात असे एक कोष्टक तयार होते: आवक, पोती, वजन, देय तांदूळ, जमा केलेला तांदूळ, शिल्लक, आणि जोडीला कनकी व कोंडा यांचा वेगळा हिशेब. आकडे कल्पित असले तरी चालतील. तसे ते आहेत हे वर स्पष्ट लिहावे म्हणजे झाले. हे कोष्टक घेऊन ती मिलमध्ये गेली, तर मुनीमजी प्रमाणपत्राकडे एक नजर टाकतील आणि म्हणतील, “अच्छा, अच्छा. ते राहू द्या बाई. माझ्या या दोन गाड्या चढवून दाखवा बरं.” हे ऐकून जिचा हात आपसूक की-बोर्डकडे जातो तिने अर्धी मुलाखत जिंकली. शिरस्तेदाराची नजर कामावर वळवून घेणे मी ज्याला म्हणतो ते हेच. अभ्यासक्रमाचा शेवट प्रमाणपत्रात न करता, ज्याच्याकडे काम मागायचे त्याच्या धंद्याच्या भाषेत लिहिलेल्या कामाच्या एका नमुन्यात करावा.

नुसते पाहून शिकल्याचा जो भास होतो, त्याची परीक्षा मानसशास्त्रज्ञांनी घेऊन ठेवली आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर तो मिटवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना सुमारे शेकडा ४२ इतकेच आठवत होते, आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. दुर्दैव असे, की मुलाखत पाच मिनिटांनी कधीच होत नाही. म्हणून रात्री धडा पाहिला, तर सकाळी तो पुन्हा न लावता कोरे कोष्टक उघडून बसावे आणि जेथे अडेल तेवढाच भाग परत पाहावा.

भरतीची वाट पाहणाऱ्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे नोकरी शोधणे म्हणजे पुष्कळ घरांत भरतीचीच वाट पाहणे. तालुक्याच्या गावी अभ्यासिका असतात, तेथे मुले-मुली सकाळपासून तलाठी, पोलीस, वनरक्षक, लिपिक यांच्या प्रश्नपत्रिका सोडवीत बसतात. आणि २०२३ साली तलाठ्यांच्या साडेचार हजारांवर जागांसाठी राज्यात दहा लाखांहून अधिक अर्ज आले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या खोलीतल्या बहुतेकांचे पुढे काय होणार याचा अदमास येतो. त्यांनी तो नाद सोडावा असा उपदेश मी करणार नाही. तसा उपदेश पगारी माणसाने करूही नये. परंतु भरतीच्या अभ्यासाची विद्या भरतीबाहेर कोठेच खपत नाही. पाच वर्षे तीत घालवून तिशीला टेकलेल्या माणसाला खाजगी मालक पहिला सवाल करतो तो हाच, की इतकी वर्षे काय केले. दिवसातला एक तास टंकलेखनाला किंवा हिशेबाला दिलेला असला तर या सवालाला उत्तर राहते, आणि लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत तोच तास पुन्हा उपयोगी पडतो, कारण तेथे मराठीची मिनिटाला ३० आणि इंग्रजीची ४० शब्दांची गती मागतात.

टंकलेखन काय किंवा कोष्टक काय, ही कामे मोबाईलवर शिकता येत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी आपल्या जुन्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा, एम.एस.-सी.आय.टी.चे केंद्र, अथवा एखादे आपले सरकार सेवा केंद्र गाठून तेथील चालकाशी तासाच्या दराने बोली करावी. दुपारी या ठिकाणी यंत्रे पुष्कळदा रिकामी असतात. व्याख्यान मोबाईलवर, हात चालवणे संगणकावर, अशी वाटणी केली तर आठवड्याचे चार-पाच तासही पुरतात.

भाषेची अडचण तिच्याहून नाजूक. गोंदियाच्या बाजारात हिंदी चालते, दप्तरात मराठी, घरी पोवारी, झाडीबोली किंवा गोंडी, आणि वरच्या दर्जाचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत. एनपीटेलच्या पुष्कळ अभ्यासक्रमांचे लेखी पाठ मिळतात, काहींचे मराठीतही. आधी मराठी पाठ वाचून विषय समजून घ्यावा आणि मग इंग्रजी व्याख्यान ऐकावे, म्हणजे ऐकताना विषय आणि भाषा या दोहोंशी एकदम झुंजावे लागत नाही. उलट क्रमाने केले तर पहिल्याच आठवड्यात माणूस आपल्याला बुद्धीच नाही असे समजून गळून जातो.

फुकटाच्या या बाजारात लुबाडणारेही आहेत. त्यांची पद्धत ठरलेली असते. आधी विनामूल्य समुपदेशनाचा फोन, मग नोकरीच्या हमीचे आश्वासन, मग आज सायंकाळपर्यंतच लागू असलेली सवलत, आणि अखेर शुल्काऐवजी कर्जाचा कागद, ज्यावर वडिलांची सही घेतली जाते; अभ्यासक्रम मध्येच सोडला तरी हप्ता सुटत नाही, कारण तो हप्ता शिकवणाऱ्याचा नसून कर्ज देणाऱ्याचा असतो. जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद या दोघांनीही शिक्षणसंस्थांनी ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांशी हातमिळवणी करून पदव्या वाटण्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. नोकरीची हमी देणाऱ्याकडे हमीच्या अटी लेखी मागाव्यात. त्या वाचल्यावर बहुधा पुढे बोलणे उरत नाही.

जुन्या उमेदवारीच्या जवळपास जाणारी, आणि तिचा मोठा दोष काही अंशी दूर करणारी, एक गोष्ट राज्यात अलीकडे घडली आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, तीत बारावी झालेल्यास दरमहा ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन ठरवून सहा महिने प्रत्यक्ष आस्थापनेत काम शिकण्याची तजवीज केली गेली. मुदत संपल्यावर कायम करून घेण्याचे बंधन मालकावर नव्हते, त्यामुळे प्रशिक्षणार्थींची निराशाही पुष्कळ झाली. ती रास्त होती. तरी अशा प्रशिक्षणाला, किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या जागेला, हातात काही कसब घेऊन जाणारा आणि रिकाम्या हाताने जाणारा यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. रिकाम्या हाताने गेलेल्याला झेरॉक्स काढायला लावतात. ज्याला कोष्टक येते त्याच्याकडे तिसऱ्या दिवशी खरे दप्तर येते, आणि एकदा खरे दप्तर हाताखालून गेले, की मग त्याच्या अर्जात अभ्यासक्रमाचे नाव दुसऱ्या ओळीवर जाते.

राहता राहिला वेळेचा मेळ, आणि या बाबतीत गोंदियाकरांचे नशीब बरे आहे. एनपीटेलचे दुसरे सत्र जुलैच्या सुमारास सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी बांध्यांत चिखलणी होऊन रोवणी चालू होते. शेतकऱ्याच्या घरातले शिकलेले पोरही तेव्हा पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहत असते आणि आठवड्याचा स्वाध्याय राहून जातो. परंतु आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम सहा स्वाध्यायांचेच गुण धरतात, आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठांचे. तेव्हा रोवणीचे दोन आठवडे बुडाले तरी धीर सोडून नाव काढून टाकण्याचे कारण नाही. एकूण १०० पैकी २५ गुण स्वाध्यायांचे आणि ७५ परीक्षेचे. उत्तीर्ण होण्यास पहिल्यात किमान १० आणि दुसऱ्यात किमान ३० लागतात. परीक्षेचे केंद्र नागपूरला आले तर आदल्या दिवशीच जावे, कारण सकाळची गाडी अर्धा तास उशिरा पोचली तर केंद्राचे दार आपल्यासाठी उघडत नाही. ही परीक्षा पावसाळा उलटल्यावर येते, आणि दिवाळीच्या आगेमागे खरीप धानाची खरेदी सुरू होऊन मिलांना लिहिणाऱ्या हातांची गरज लागते. त्या दिवसांत कोष्टकाचा कागद घेऊन जाणाऱ्याने मुनीमजींना सकाळी दहाच्या आत गाठावे. दुपारी गाड्या काट्यावर लागल्या, की त्यांना कोणाशी दोन शब्द बोलायला सवड राहत नाही.